बर्फगाडीचं तेल आणि रविवारचे पाहुणे

तीर्थस्वरूप भाईदास नानांना,

धरणगावहून तुमचा धाकटा चुलतभाऊ लीलाधर वाकून नमस्कार करतो. (हात जोडलेले समजावेत. सध्या ते कशालाही लावले की काळा ठसा उमटतो. या कागदाच्या कोपऱ्यावरचा माझाच.) तुमचा गुडघा कसा आहे? अक्कांची शुगर उतरली का, की अजून चोरून गूळ चालू आहे? फोन न करता पत्र लिहितो, कारण फोनवर तुम्ही मला दुसऱ्या वाक्याला थांबवता, आणि ही हकिगत दुसऱ्या वाक्यापर्यंत कळण्यासारखी नाही. गल्लीतला जितेंद्र उद्या सकाळच्या एसटीने धुळ्याला निघतोय, त्याच्या हाती देतो.

घेवरचंद शेठच्या श्रेयांसने जळगावच्या हायवेवर बर्फाचा हॉल काढला होता, आठवतो ना? बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत उणे पाच. लोक भाड्याचे स्वेटर घालून आत कुडकुडत आणि बाहेर येऊन तेच स्वेटर काढता काढता घेरी येऊन खाली बसत. हॉल दोन उन्हाळे चालला. सामान विकायला निघालं तेव्हा त्यातली बर्फावर चालणारी गाडी मी उचलली. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे चाकांऐवजी रुंद रबरी पट्टा. गाव हसलं. हसू दे. आपल्या शिवारातली काळी माती जुलैत काय करते हे तुम्ही पाहिलंय. बैलगाडी रुतते, ट्रॅक्टर रुततो, त्याला ओढायला आलेला दुसरा ट्रॅक्टरही रुततो. पट्ट्यावरची गाडी रुतणार नाही, हे परदेशातल्या एवढ्या इंजिनिअरांना सुचलं नाही, ते मला सुचलं. (तिकडे चिखल नसावा.)

तर पावसाळ्याआधी तिच्या साखळीपेटीचं ऑइल बदलायचं मी ठरवलं. इंजिनचा जोर पट्ट्यापर्यंत नेणारी एक साखळी बंद पेटीत तेलात फिरते, एवढीच ती भानगड. तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून काढलेल्या माणसाला यात काय अवघड? तिथल्या गिअरबॉक्समध्ये आम्ही बादलीने तेल ओतायचो. रविवारी आपल्या रोहिणीचा साखरपुडा, तोही आमच्याच ओसरीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण काम मंगळवारचं आणि तासाभराचं. ऊन लागू नये म्हणून गाडी ओसरीत घेतली. उषाने नुसतं माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलत नाही तेव्हा मी परवानगी समजतो.

आता यातली खरी अडचण तेलाची नव्हती, गल्लीची होती. मी जिनिंगमध्ये होतो तेव्हा दरवर्षी मृगाच्या आधी डबा भरून जळकं ऑइल घरी आणायचो आणि सगळी गल्ली ते न्यायची. कुणाला खाटेच्या पायांना, कुणाला चौकटीला वाळवी लागू नये म्हणून, कुणाला फाटकाच्या बिजागरीला. निवृत्त झालो, ऑइल बंद झालं आणि लोकांचे नमस्कारही आखडते झाले. मंगळवारी 'लीलाधरभाऊ ऑइल बदलणार' ही बातमी फुटली, आणि सकाळी आठला पुष्पाबाई वाटी घेऊन दारात. "भाऊ, माले वाटीभर तरी ठेवज्यात." मग ईश्वर आबा, मग बाकीचे. अकरा घरांचे अकरा डबे ओट्यावर रांगेत लागले. मी एकालाही नाही म्हटलं नाही. नाना, खरं सांगतो, ती रांग पाहून मला भरून आलं.

पेटीचं झाकण उघडलं, आणि तेल निघालं पाव लिटर. मी खाली वाकून पाहिलं, चिंधी घालून पाहिलं, दोन थपडा मारून पाहिल्या. पाव लिटरच. मागून रोहिणी म्हणाली, "पप्पा, हिला एवढंच लागतं. दांडीवर खूण आहे बघा." मी म्हटलं, तू आत जा, साखरपुड्याच्या फोटोत हात काळे दिसतील. ती आत गेली आणि मी अकरा डब्यांसमोर एकटा उरलो. तिथेच मला युक्ती सुचली. बाजारातून तीन लिटर नवीन ऑइल आणायचं, पेटी गळ्यापर्यंत भरायची, इंजिन फिरवून तेल काळं करायचं आणि काढून गल्लीत वाटायचं. (नवीनच का वाटलं नाही, असं तुम्ही विचाराल. नाना, नवीन ऑइल खाटेला कोण लावतं?)

झाकण जुन्याच रबरी रिंगवर बसवलं, तेल तोंडाशी येईपर्यंत ओतलं, किल्ली फिरवली. दोन मिनिटं गाडी शहाण्यासारखी चालली. मग रिंग सुटली. तेल भिंतीवर गेलं (परवाच रंग दिला होता), साखरपुड्यासाठी आणलेल्या सतरंजीवर गेलं, ईश्वर आबांच्या पांढऱ्या धोतरावर गेलं. साखळी मी सैल केली होती, ती पुन्हा ताणायची राहिली होती; ती दात्यांवरून उडून अडकली आणि गाडी दारात आडवी रुतून बसली. भर उन्हाळ्यात, कोरड्या फरशीवर. चार जणांनी ढकलली, तर चौघंही तेलावरून घसरून एकमेकांच्या पायांशी जमा झाले. उषा मग बोलली, "बठ्ठं घर काळं करी टाकं तुम्ही! आते पाव्हना कोठे बसतीन?" गल्लीचं मात्र काही अडलं नाही. प्रत्येकाने फरशीवरचं निपटून आपापला डबा भरला आणि आभार मानून गेला. कालपासून आम्ही गोठ्यातून घरात ये-जा करतो.

तेव्हा नाना, हे स्थळ तुम्हीच आणलेलं, म्हणून हक्काने सांगतो: साखरपुडा तुमच्याकडे धुळ्यालाच करावा. व्याह्यांना सांगावं की धरणगावला पाण्याची टंचाई आहे. (ते काही अगदीच खोटं नाही.) अक्कांना नमस्कार, गुळाचं मी बोललो हे सांगू नये.

तुमचा,
लीलाधर

ता. क. जितेंद्रचं जाणं एक दिवस पुढे गेलं, म्हणून कळवतो: साखरपुडा इथेच. ओसरी मोकळी झाली. मी दुपारी फरशीसाठी सोडा आणायला गेलो होतो. परत येऊन पाहतो तर रोहिणी ओढणी कमरेला खोचून पेटीपाशी बसलेली. साखळी बसवली, बेताची ताणली, नवीन रिंग घातली (सकाळीच जळगावहून मागवली होती, मला न विचारता), तेल मोजून पाव लिटर ओतलं, आणि गाडी चालवत अंगणात नेऊन लावली. मी पिशवी हातात घेऊन उभा होतो. इतका सफाईदार हात मी जिनिंगमध्ये कुणाचा पाहिला नाही, माझाही नाही.

ता. क. दुसरा. आता ज्यासाठी हे पत्र खरं म्हणजे पाठवतोय ते. मुलाकडे द्यायच्या माहितीच्या कागदावरचा 'मेकॅनिकल डिप्लोमा' तुम्ही खोडला होता, आणि त्या जागी 'शिवणकाम' मी लिहिलं होतं. (तिने आजवर एकच गोष्ट शिवली, ट्रॅक्टरच्या सीटचं कव्हर.) आज व्याह्यांचा फोन आला. गाडीची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती, आणि मी एकट्याने दुरुस्त केली असं सांगून बसलो. त्यांनी माझी फार तारीफ केली. ती तारीफ खरी रोहिणीची. तर रविवारी चार लोकांत खरं काय ते तुम्ही सांगावं. तुम्ही थोरले आहात, माझी जीभ वळत नाही.

ता. क. शेवटचा. पाकिटाला डिंक मागितला, तेव्हा रोहिणीने पत्र वाचलं. रागावली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, नानांना कशाला त्रास, मीच सांगेन. त्यांना चालणार नसेल तर रविवारीच कळलेलं बरं. तेव्हा विनंती बदलतो. यावं, माझ्या शेजारी बसावं, आणि ती बोलत असेल तेवढा वेळ आपण दोघांनी तोंड बंद ठेवावं. मी आजपासून सवय करतोय.