एकोणसत्तर

पहाडगंज, दिल्ली
७ जानेवारी १९९६

चि. पद्माकरभावजींस,
अ. उ. आशीर्वाद.

धुकं इतकं की समोरची हॉटेलं दिसत नाहीत, नुसते त्यांचे दिवे तरंगतात. तुमच्या पुतण्याने, राजीवने, गुडगावला फ्लॅट घेतलाय. खिडकीतून मोहरीची पिवळी शेतं दिसतात म्हणे. मी तिथे राहायला यावं असं त्याला वाटतं. पण आपला फोन तिकडे नेता येत नाही, नंबर सोडावा लागेल. ३१९६९४३.

हा फोन घरात बसला त्या दिवशी तुमचे दादा कागदावर काहीतरी करत बसले. मग हसून म्हणाले, कुमुद, हा नंबर आपल्या दोघांखेरीज कुणाला फोडता यायचा नाही. कसं, ते सांगितलं नाही. ते गेल्यापासून दुपारी पडल्या पडल्या मी त्याला मनात भाग घालते, आणि भागता भागता डोळा लागतो.

परवा नंबर निधीला दोन-दोन आकडे जोडून वाचून दाखवला. नातीने कॅल्क्युलेटरवर दाबला आणि म्हणाली, अरे आजी, तीनने जातो, नऊनेही जातो, बिल्कुल ऑर्डिनरी आहे. तेव्हापासून जेवण जात नाही. ते उगीच बोलले होते का? तुम्ही जन्मभर गणित शिकवलंत. माझं मन राखायला काही लिहू नका. खरं कळल्याशिवाय मी हे घर सोडणार नाही.

माया आहेच, ती राहू द्या.
कुमुद

नागपूर
१५ जानेवारी १९९६

ती. गं. भा. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुमच्या नातीला शंभरपैकी शून्य, आणि बेरीज न करता झोपी गेल्याबद्दल तुम्हालाही. अंकांची बेरीज पस्तीस येते, मग तीनने भाग जाईलच कसा? तुम्ही एकोणसत्तर म्हणालात आणि तिने ७९ दाबले, पैज लावतो. एकोणीसमध्ये नऊ, म्हणून एकोणसत्तर म्हणजे सत्तर आणि नऊ! एकोण म्हणजे एक उणा, हे दिल्लीत तिला कोण सांगणार?

आता खरं ऐका. तुमचा नंबर १७८८च्या वर्गापेक्षा एकाने कमी, म्हणजे तोही एकोणच. म्हणून तो होतो १७८७ गुणिले १७८९. दोन्ही मूळ संख्या, पुढे फुटत नाहीत. मधे एकच घर सोडून बसलेल्या अशा दोघींना आम्ही जोडमूळ म्हणतो. एक आणि तो स्वतः सोडला, तर या दोघींखेरीज त्याला कुणी भागत नाही. दादा उगीच बोलला नव्हता.

थंडीत जपा. धाकट्यावर लोभ असू द्यावा.
पद्माकर

पहाडगंज
२४ जानेवारी १९९६

चि. पद्माकरभावजींस,
अ. उ. आशीर्वाद.

पैज जिंकलात. निधी आता एकोणतीस, एकोणचाळीस घोकते आणि मलाच टोमणा मारते, की मराठी लोक पुढचं घर दाखवून मागे का ढकलतात.

दुपारची झोप बदललीय. स्वप्नात गच्चीवर ऊन, तीन खुर्च्या. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी. मधलीवर त्यांचा चष्मा. मी तो उचलत नाही. बसलोय, एवढं पुरतं.

राजीवला हो म्हटलं. फोन उद्या काढून नेतील. नंबर कुणा परक्याच्या घरी वाजेल. वाजू दे. फोडायचा झाला तर त्यालाही आम्हा दोघांकडेच यावं लागेल.

पुढचं पत्र गुडगावला टाका. माझ्या नावामागचं गं. भा. मात्र गाळा. अगदी राहवलं नाही, तर एकोण लिहा.

तुमची
कुमुदवहिनी