गादीखालचा ग्लोव्ह

रुसून बसलेल्या माझ्या म्हाताऱ्यास, डेटनहून, लेकाच्या घरून एडनाचा नमस्कार.

मी बरी आहे. पाठ तेवढी मोडलीय. आपली रोझ आता मुलग्यांच्या बेसबॉल संघात पहिल्या बेसवर, तुमच्याच झेलायच्या जागी खेळते! चेंडू झेलायचा नवा चामडी ग्लोव्ह मऊ पडावा म्हणून तिनं आत चेंडू घालून, दोरीनं बांधून माझ्या गादीखाली ठेवलाय. "आजी, घरात तूच वजनदार," म्हणते कार्टी. आठवडाभर त्या उंचवट्यावर निजतेय.

तुम्ही आणि वॉल्टर, बापलेक दोघं पहिल्या बेसवरचे, पण मोठा खेळाडू कोण यावरून तीन वर्षं अबोला. तुमचे गिरणीच्या संघातले अकरा हंगाम नि त्याचे लांब फटके ऐकून मी थकले हो. काल रोझनं विचारलं, "बाबा, चांगला कोण?"

भांडी पुसत वॉल्टर म्हणाला, "फटके माझे लांब गं. पण आजोबांच्या हातून चेंडू सुटलेला मी कधी पाहिला नाही. झेलायला त्यांच्याकडूनच शीक."

मी कपाटात तोंड खुपसून रडले.

गुडघ्याला तेल लावताय ना? मांजर खाते का? शनिवारच्या बसनं या, जुना ग्लोव्ह घेऊन. बस किती वाजता येते, हे वॉल्टरनं आपणहून विचारलंय.

तुमचीच, वाकलेली पण खूश,
एडना