मार्च-एप्रिलची पानं

वेंगुर्ले,
१२ जून २०२५

चि. कौस्तुभ,
अनेक आशीर्वाद.

आकांक्षा काल मी दिलेले खेळाचे बूट परत देऊन गेली, म्हणून लिहिते आहे. हे मला फोनवर बोलता येणार नाही.

माझी पाठ आहे तशीच. विहिरीचा पंप दुरुस्त झाला.

तुमच्या बास्केटबॉल संघाच्या निवडीसाठी तू माझ्या सात वह्यांचे फोटो काढून नेलेस, तेव्हा मला अभिमान वाटला. शाळेच्या मैदानावर आणि स्पर्धांत आकांक्षाने मारलेला प्रत्येक चेंडू मी त्यांत टिपला होता. तुझ्या संगणकाने काढलं : तिचा नेम जानेवारीपर्यंत शंभरात अठ्ठेचाळीस, मार्च-एप्रिलच्या स्पर्धांत एकोणतीस. दरवर्षी. 'दडपण सोसत नाही' असा शेरा मारून तुम्ही तिला वगळलंत. मी चिडले, तर तू म्हणालास, "आई, आकडे तुझेच आहेत."

आकडे खरे आहेत. त्यांच्यामागचं कारण मी लिहिलं नव्हतं.

मार्च-एप्रिल म्हणजे ओल्या काजूगरांचे दिवस. बी फोडताना सालीतलं तेल बोटांना लागतं, कातडी सोलून निघते. तशा बोटांना चेंडू कळत नाही. तिच्या खेळाच्या शिक्षिकेला, म्हणजे मला, हे ठाऊक नव्हतं असं समजू नकोस.

त्या बिया आपल्या बागेतल्या. मी शिकवणीचे पैसे घेत नसे, म्हणून तिची आई तिला सकाळी आपल्या पडवीत पाठवायची. मी एकदाही नको म्हटलं नाही. "राख लाव हातांना," एवढंच म्हणायचे आणि संध्याकाळी नेम चुकला की ओरडायचे. दरवर्षी तुला पुण्याला पाठवलेले काजूगर तिनेच सोललेले.

काल तिला विचारलं, "निवडीच्या वेळी त्यांना कारण का नाही सांगितलंस गो?"

"तुमचा नाव कसा घेऊ, बाई?"

बूट पायरीवर ठेवले. "दुसऱ्या कोणाक तरी द्या. माका नको आता." चहासुद्धा घेतला नाही. सोमवारपासून ती काजूच्या कारखान्यात जाते. तिथे म्हणे हात बघूनच घेतली.

बंद झालेली यादी उघडत नाही, असं तू सांगितलंस. तरी हे पत्र तुझ्या साहेबांपुढे ठेव. माझ्या नावासकट.

बाबली गाडीवाल्याकडे आज दिलं :
मूळ वह्या सात. मार्च-एप्रिलच्या प्रत्येक पानावर लाल शाईने कारण, खाली माझी सही.
काजूगरांचा डबा एक, तुझा. रिकामा.

आई