भरतीच्या वेळेचा डाव

पनवेल,
५ फेब्रुवारी २०२६

ती. गंगाआजीस,
मनस्वीचा साष्टांग नमस्कार. वि. वि. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. आबांची, म्हणजे तुझ्या बुधाजीदादाची, बातमी चांगली आहे. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या ज्या केंद्रात मी काम करते, तिथे आम्ही टेबल टेनिस सुरू केलं. नजर चेंडूवर राहते, पाय हलतात, मेंदू जागा राहतो. आबांना माझं नाव आठवत नाही, पण चेंडू चुकत नाही. जुन्या मिठागरातल्यासारखा मिठाचा ढीग ओढावा तशी बॅट ओढतात. समोर खेळणाऱ्या कुमुदबाई त्यांना बजावतात की मीठ पुरे, आता चेंडू मारा. पाय असे भक्कम झालेत की जिना एका दमात चढतात.

काळजी एकच. खेळता खेळता ते बॅट घेऊन दाराकडे निघतात. सोमवारी पाऊण वाजता, मंगळवारी दीडला, काल सव्वादोनला. घरी बाबा बाहेरून कुलूप लावतात. माणसाला कोंडणं मला पटत नाही. घरातली पहिली पदवीधर म्हणून एवढं तरी मला बदलायचं आहे.

तुझी माया अशीच राहू दे.
तुझी मनू

गव्हाण,
९ फेब्रुवारी

चि. मनूस,
गंगाआजीचा आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं. येवढी शिकलीस, पन भरती कोनी शिकवली नाय तुला. रोज पाऊन तास उशिरा येते ती भरती. दादा भटकत नाय, उघाडीवर जातो. मिठागराच्या बांधाला पानी अडवायची फळी असते, ती उघाडी. उधानाला घरातलं मानूस तिथं उभं राहायचं, फळीला चिखल लावायला.

एका अवसेला दादा आनि आमचा धाकटा भाऊ विठू गेले होते. फळी हलली. दादानं मला गावातून मानसं आनायला पाठवलं. मी नऊ वर्षांची. वाटेत खेळत बसले. परत गेले तवा बांध फुटला होता, विठू नव्हता. दादा त्यावर मला कधी एक शब्द बोलला नाय.

आता तिथं बांध नाय, कंटेनरचा रस्ता हाय. त्याच्या पायांना ते ठाऊक नाय. सतरा तारखेला अवस, म्हंजे मोठं उधान. तवर कुलूप राहू दे.

म्हातारीचा राग धरू नको, लोभ ठेव.
गंगा

पनवेल,
१३ फेब्रुवारी

ती. गंगाआजीस,
सा. न. तुझं पत्र वाचून रडू आलं. नऊ वर्षांची होतीस गं तू. पण वेळ कळली म्हणून वाट सापडली. आता भरतीच्या वेळेलाच आम्ही डाव मांडतो. तीन दिवस आबा दाराकडे गेले नाहीत. खेळतात मात्र असे, की एक चेंडू सुटला तरी चेहरा पांढरा पडतो. कुमुदबाई त्यांच्यासमोर उभ्या राहायला घाबरू लागल्या आहेत. काल आबांनी त्यांचं मनगट धरून विचारलं, की माणसं कुठे राहिली. मी हे चांगलं लक्षण मानते. आठवण जागी होते आहे.

कुलूप मी काढलं. बाबा एवढंच म्हणाले की तुझं शिक्षण, तुझी जबाबदारी. मंगळवारी केंद्रात पाहुणे येणार आहेत. मी लवकर जाईन, आबा मागून एकटे येतील. चार घरं तर आहेत मध्ये.

रागावलीस तरी प्रेम कमी करू नकोस.
तुझी मनू

गव्हाण,
१७ फेब्रुवारी

चि. मनूस,
आशीर्वाद. दादा सापडल्याचं तुला कळलंच असेल. शेजारच्या प्रितेशनं तुज्या बापाला फोन केला. बाप म्हनाला, उद्या ड्युटी सुटली की तीनला येऊन नेतो. पुढचं मला प्रितेशजवळ बोलवेना, म्हनून लिहिते. सकाळी तो रिक्षा घेऊन पनवेलला येईल, तवा देईल.

दादा पहाटेच चालत निघाला असनार. बाराला रस्त्याच्या मधोमध उभा होता, बॅट आडवी धरून. ट्रेलरवाले शिव्या देत होते. प्रितेशनं ओढून आनला. पायाला फोड नाय, दम लागलेला नाय. तुज्या खेळानं खरंच ताकद दिली त्याला.

त्यानं मला वळखलं. साठ वर्षांनी पयल्यांदा विचारलं, की मानसं आनलीस का. मी म्हनले, नाय आनली. तो रागावला नाय. म्हनाला, मग उद्या तूच चल, एकट्यानं फळी धरवत नाय.

उद्याची भरती एकला हाय, तीनला नाय. तो अंगनात चिखल कालवतोय. दोन घमेली भरलीत, एक त्याचं, एक माजं.

तू एकच्या आत ये. मी त्याला हो म्हनले हाय.
गंगा