सोळा घासांची पंगत

चि. गोपाळ,

कमी खाणारा पुष्कळ जगतो, हे आपल्या घरात सिद्ध झाले आहे. मात्र ते एका नानांपुरतेच. शहात्तराव्या वर्षी ते रोज पर्वती चढतात आणि वर उभे राहून माझी वाट पाहतात. घास शास्त्राने वानप्रस्थाला सांगितलेले सोळाच घेतात. वनात जायचा विषय काढत नाहीत. सोळावा घास झाला की उत्तरापोशन घेऊन उठतात, आणि वडील उठल्यावर पंगतीत खात बसायचे नाही म्हणून आपणही उठतो. मला ते कसेबसे निभते. एकवीस दिवसांच्या तापातून उठलेल्या तुला निभत नाही. काल तुझ्या बोटातली अंगठी वरणात पडली, ती मी पाहिली. देवघरात ठेवली आहे.

मी नानांना म्हटले, "गोपाळला आधी वाढू द्या." म्हणाले, "बापाआधी जेवून कोणाचे आयुष्य वाढले आहे?"

तेव्हा मी वाईहून थोरल्या आत्याला आणायला निघालो आहे. नानांना दरडावणारी तेवढीच उरली आहे. जाऊन येऊन सहा दिवस लागतील, आणि ती येईलच असे नाही. तोवर घास मोठे घे, चावत बसू नकोस. भाताच्या पोटात तूप लपवायला तुझ्या वहिनीला सांगितले आहे. तुला झोप लागली होती, म्हणून उठवले नाही.

निघताना नानांच्या पाया पडलो. उद्यापासून ते संन्याशाचे आठ घास घेणार आहेत.

दिगंबर