तिसरा फोन

रास्तको,

आपला हॉलमधला कॅमेरा सारखा का बंद पडतो, ते आज कळलं. दुपारी लेन्का झोपल्यावर कंपनीत फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "बाई, वायफाय धड आहे. तीन फोनवरून एकदम बघता, तेवढं त्याला झेपत नाही."

"आमचे दोनच फोन आहेत," मी म्हटलं.

त्याने तिसरं नाव वाचून दाखवलं. देसांका. तुझी आई. परवानगी तुझ्या फोनवरून, मार्चमध्ये, लेन्का जन्मली त्याच आठवड्यात.

म्हणजे ऊझित्सेहून त्यांचा फोन यायचा, "अगं, खिडकी लाव, पोरीला वारा लागतोय! आणि मोजे कुठायत तिचे?", तेव्हा मी तुला कौतुकाने सांगायचे, आईंना न बघता कसं कळतं बघ! तू नुसता हसायचास.

चोरांसाठी लावलेला कॅमेरा ना तो? त्याच्यासमोरच्या सोफ्यावर मी तिला पाजते. तू कामावर गेलास की कधी कधी तिथेच रडते, तुला कळू नये म्हणून.

आईंवर माझा राग नाही. पण तू तीन रविवार माझ्यासोबत राऊटर इकडून तिकडे हलवलास आणि एवढं सांगितलं नाहीस.

आम्ही झ्रेन्यानिनला ताईकडे जातोय. सार्मा फ्रीजमध्ये आहे, मंद आचेवर गरम कर. कॅमेरा काढून कपाटात ठेवलाय. उद्या ये, पण एकटा ये.

आज सकाळी लेन्का पहिल्यांदा पालथी पडली. तुला सांगायला फोन उचलला होता. मग ठेवून दिला, संध्याकाळी समोर बसून सांगू म्हणून. आता वाटतं, तुला आईंकडून आधीच कळलं असेल.

यासना