पाठीला लावलेलं तेल

वस्ताद, परवा ईदेला तुमच्या घरी, चाचीकडे जाऊन आलो. दरवर्षी जातो. तिथून आल्यापासून कशात लक्ष लागत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो आहे. तुम्ही हयात असताना मी तुम्हाला कधी चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही. तुमच्यासमोर तर मला बोलताच येत नव्हतं. मान खाली घालायची आणि सांगाल तितक्या बैठका मारायच्या, एवढंच येत होतं.

पहिला दिवस आठवतो. कुणीतरी सांगितलं होतं की पहिलवान अंगाला तेल लावतात. मी घरातलं निम्मं तेल अंगावर ओतून तुमच्या आखाड्यात आलो. मनात वाटत होतं, आपण चमकतो आहोत म्हणजे निम्मे पहिलवान झालोच. तुम्ही कापूस पिंजायचं काम टाकून नुकतेच आला होता, भुवयांवर अजून रुई होती. मला खालून वर पाहिलंत आणि म्हणालात, "तेल लावून आला काय बे? कोनाच्या हाती लागू नये म्हणून? जाय, माती चोळ अन् आंघोळ करून ये. आखाड्यात तेल लावून उतरते तो पहेलवान नाही, चोर होय." सगळे हसले. मी विहिरीवर जाऊन राखेनं अंग घासलं, तरी तेल निघेना. तेल मालिशीचं, कुस्तीचं नाही, हे त्या दिवशी कायमचं डोक्यात बसलं. मालिश कशी करायची तेही मग तुम्हीच शिकवलंत. दर गुरुवारी तुमच्या पाठीला तेल चोळायचं काम माझं होतं. तुमचा उजवा खांदा पूर्वीच्या एका कुस्तीत निखळला होता, तो हात मागे जातच नव्हता. गंजीसुद्धा चाची घालून द्यायची.

त्या पाठीवर मी पहिलवान झालो असं म्हटलं तरी चालेल. कुठली शीर कुठे जाते, ते तुमच्या पाठीवरच शिकलो. पुढे लोणारला लढलो, चिखलीकडच्या गावांतून लढलो, जालन्याकडच्या मोठ्या जत्रा केल्या. कुठे आभाळ दाखवलं, कुठे पाहिलं. लोक म्हणायचे, हा पिंजाऱ्याचा पठ्ठ्या, पकड बघा याची. तुम्ही प्रत्येक ठिकाणी यायचा, एसटीनं, मांडीवर डबा घेऊन, त्यात चाचीनं दिलेला शिरा. जिंकलो तर न बोलता शिरा पुढे करायचा. हरलो तरी करायचा, पण आधी एक शिवी. माझ्या लग्नात तुम्ही स्वतः पिंजून भरलेली गादी दिलीत. "देशी कापूस आहे," म्हणालात, "हे नवीन बियाण्याचं नाही. यावर झोपशीन तर पाठ बोलणार नाही." अजून त्याच गादीवर झोपतो. झोप येते असं मात्र नाही.

मग फोमच्या गाद्या आल्या आणि तुमची कापूस पिंजायची धुनकी भिंतीला टांगली गेली. आखाड्यावर तर कुणाचंच पोट भरत नव्हतं. तुम्ही लोकांच्या वावरात फवारणीला जायला लागलात. कपाशीचं बीटी बियाणं आलं तेव्हा दुकानदार म्हणाला होता की आता अळीचं नाव विसरा. आठ-दहा वर्षं विसरलोही. मग बोंडात गुलाबी अळी निघाली आणि जो तो पाठीवर पंप घेऊन पळायला लागला. मला तुम्हाला त्या पंपाखाली वाकलेलं बघवत नव्हतं. सांगायची हिंमत नव्हती. मी वाट बदलायचो.

त्या वर्षी देऊळगाव राजाच्या जत्रेत मला मोठा जोड मिळाला. जालन्याकडचा पहिलवान, माझ्यापेक्षा वजनानं जास्त, वयानं कमी. ही कुस्ती मारली असती तर पुढची दोन वर्षं जत्रावाले घरी बोलवायला आले असते. नेमकी तेव्हाच माझ्या कपाशीत अळी दिसली. फवारणी थांबण्यासारखी नव्हती आणि औषधाच्या वासानं माझं डोकं फिरायचं. तुम्हीच म्हणालात, "तू जाय. तुह्यं वावर म्या मारतो. म्या येत नाही या खेपेले, पण त्याची पाठ मातीले लागली पाह्यजे."

सकाळी बस पकडायच्या आधी मी बांधावर आलो. ऊन तेव्हापासूनच चटकत होतं. कपाशी खांद्याच्या वर गेलेली. मी म्हटलं, "वस्ताद, अंगभर सदरा घाला." तुम्ही सदरा काढून बाभळीला टांगलात. "जीव गुदमरते बे त्याच्यात. तेल आहे काय थैलीत? थोडं चोळून दे. दवाई अंगाले चिटकत नाही तेलानं." मी हसून म्हणालो, "तेल लावून उतरते तो चोर होय ना?" तुम्हीही हसलात. "वावरात चालते. अळी काय पकड घेऊन राह्यली माही?"

मलाही ते पटलं. समोरच्याचा हात सटकतो तसं औषधही सटकेल. पहिलवान माणसाला दुसरं काय सुचणार? मी छाती, दंड चोळले. मग तुम्ही पाठ फिरवलीत आणि मी गुरुवारसारखी पाठ चोळली, मानेपासून कमरेपर्यंत, कुठेच कोरडं ठेवलं नाही. मन लावून चोळली, वस्ताद. तेच सहन होत नाही. कामचुकारपणा केला असता तर बरं झालं असतं.

मी कुस्ती मारली. ढाकेच्या डावावर. लोकांनी खांद्यावर घेतलं. तेवढ्यात गावाकडचा एक जण गर्दीतून वाट काढत आला आणि म्हणाला, तुमच्या वस्तादाले बुलढाण्याले नेलं. मी तसाच, गुलालासकट, दवाखान्यात आलो. तुम्ही घामानं निथळत होता, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. मला ओळखलंत. "पाठ लागली?" "लागली, वस्ताद." "कोन्या डावावर?" "ढाकेवर." तुम्ही डोळे मिटलेत. त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत.

तिथली डॉक्टर वयानं लहानच होती. तिनं तुमच्या पाठीवरून बोट फिरवून बोटाकडे पाहिलं. म्हणाली, "तेल कोणी लावलं यांना? तेल औषध धरून ठेवतं, कातडीतून आत जातं. धुतलं तरी निघत नाही." चाची पायथ्याशी उभी होती. मी म्हणालो, "त्यांनीच लावलं असेल."  चाची तुमच्याकडेच बघत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात. जनाज्याला मी खांदा दिला, मातीही दिली. त्यानंतर मी आखाड्यात उतरलो नाही. लोक समजले, वस्ताद गेले म्हणून पोरानं कुस्ती सोडली, केवढी निष्ठा. मी लोकांना तसं समजू दिलं. खरं म्हणजे माझ्या पाठीला कुणाचा हात लागला की मला उलटी येते. घाबरलो आहे मी, निष्ठा वगैरे काही नाही.

इतकी वर्षं दर ईदेला ठरवून जातो की आज चाचीला सांगायचं. तिला आता फार काही आठवत नाही. कधी मला तुमचा भाऊ समजते. परवा मात्र नीट ओळखलं, जवळ बसवलं, वाटी भरून शिरखुर्मा दिला आणि आपण होऊनच बोलायला लागली. "तुही दवाखान्यातली गोष्ट पटत नव्हती मले तवा. त्याईचा हात कुठं पुरत व्हता पाठीले?" मी वाटी खाली ठेवली. मला वाटलं, आता सुटलो. आता तीच म्हणेल, तूच लावलं ना, आणि मी हो म्हणेन, एवढंच काम उरलं आहे. चाची पदरानं डोळे पुसत म्हणाली, "गंजी म्याच घालून देत व्हती ना रोज. तेलबी म्याच लावून देलं असन सकायी. मले आता याद नाही राह्यलं, बेटा. म्याच मारलं त्याईले. म्याच असन ना?"

हे पत्र कुठे टाकायचं नाही आणि चाचीला वाचूनही दाखवणार नाही. तुम्हाला मात्र कळलं पाहिजे, वस्ताद. मी मान हलवली. हो म्हणून. आणि ती उठून आत जावी, अजून काही विचारू नये, म्हणून शिरखुर्मा आणखी मागितला.